आभारपत्राचा खुलासा

मी आयुष्यात एकच आभारपत्र लिहिलं, आणि त्यामुळे एका माणसाची नोकरी जाता जाता राहिली.

गोष्ट ऐंशी सालानंतरच्या एका हिवाळ्यातली. मी तेव्हा नाशिकला एका माध्यमिक शाळेत मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवत होतो. इंदिरानगरच्या बाजूला नव्या वसाहती उभ्या राहत होत्या. त्यांतल्याच एकीत आम्ही भाड्याने दोन खोल्या घेतल्या होत्या. आम्ही म्हणजे मी, माझी बायको सुमन आणि माझे वडील. बाबा इगतपुरीला रेल्वेत गँगमन होते, रुळांच्या देखभालीवर. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे आले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे लिहिण्यावाचण्यावर माझी श्रद्धा जरा जास्तच. एखादी गोष्ट नीट कागदावर लिहून योग्य जागी दिली की ती नीट होते, असं मला मनापासून वाटायचं. (मुलांनाही मी हेच शिकवायचो. त्यांतली बरीच मुलं पुढे मार्गी लागली. त्यांनी माझं ऐकलं नसणार.)

आमच्या घरांसमोरून एक उघडी गटार जायची. पावसाळ्यात तिचा काही त्रास नसे. इतकं पाणी यायचं की ती स्वतःच स्वतःला धुऊन काढायची. खरी अडचण थंडीत. पाणी मंदावलं की गाळ बसायचा आणि संक्रांतीच्या सुमाराला गटार काठोकाठ भरायची. मग एके दिवशी सकाळी सकाळी पालिकेची माणसं फावडी घेऊन यायची. नाशिकची जानेवारीतली सकाळ म्हणजे तोंडातून वाफा निघणारी. आम्ही स्वेटर, कानटोपी घालून दारात उभे, आणि ती माणसं पोटऱ्यांपर्यंत त्या गार पाण्यात.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती. गटारीत उतरायचं, गाळ उपसायचा आणि ज्याच्या घरासमोरचा गाळ त्याच्याच फाटकापाशी ढीग घालायचा. ओला गाळ ट्रकमध्ये भरला तर निम्मा रस्त्यावर सांडतो. म्हणून तो दोन-तीन दिवस उन्हात वाळू द्यायचा, मग ट्रक येऊन उचलून नेणार. पद्धत शहाणपणाची होती. पण त्या दोन-तीन दिवसांत वसाहतीतल्या भल्या माणसांचा भलेपणा पार संपून जायचा. दिवेलागणीला जो तो आपला ढीग फावड्याने हळूच शेजारच्या हद्दीत सरकवायचा. सकाळी उठून बघावं, तर आमच्या दारात दीड ढीग आणि शेजारच्या तात्यांच्या दारात रांगोळी.

तात्या पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांचा आवाज मात्र अजून नोकरीत होता.

"अरे ए, हे काय माझ्या फाटकात? तुझ्या बापाची जागा आहे का?" त्या दिवशी त्यांनी सुरुवात केली.

गटारीत काशिनाथ उभा होता. पस्तिशीचा, काटक, डोक्याला मफलर. त्याने मान वर न करता एक फावडं भरलं आणि ढिगावर टाकलं. "मंग कुनाच्या फाटकात टाकू, तात्या? गटार तुमची, गाळ तुमचा. मी निस्ता वर काढून देतो."

"गाळ माझा?"

"आता ह्यो चहाचा चोथा वळखा बरं. हा पत्तीचा डबा कुनाचा?"

तात्या आत गेले. पण जाताना दार आपटून, आणि दोन-चार शब्द मागे ठेवून.

मला ते शब्द लागले. त्याच आठवड्यात मी नववीला 'नागरिकांची कर्तव्ये' हा धडा शिकवला होता. जी माणसं आपली घाण उपसतात त्यांच्याशी असं बोलायचं? मी घरात गेलो आणि सुमनला म्हटलं, "चार कप चहा टाक. ती लग्नात आलेली कपबशी काढ."

"गटारीवर? ती कपबशी?"

"तीच. माणसाला माणसासारखं वागवायचं तर अर्धवट वागवू नये."

आमच्याकडे निळ्या फुलांची सहा कपांची एक कपबशी होती. लग्नापासून तिच्यातून कोणी चहा प्यालेलं नव्हतं, मी तर नाहीच. मी ट्रे घेऊन गटारीच्या काठाशी गेलो आणि काशिनाथला म्हटलं, "या, आधी चहा घ्या."

त्याने ट्रेकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. कोपरापर्यंत गाळ. "गिलास न्हाई का, मास्तर?"

मला भरून आलं. म्हटलं, पिढ्यान्‌पिढ्यांचा संकोच बोलतोय हा. म्हणून मी त्याला समतेबद्दल, श्रमाच्या प्रतिष्ठेबद्दल आणि राज्यघटनेबद्दल थोडं सांगितलं. थोडं म्हणजे चहावर साय धरेपर्यंत. काशिनाथने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तसं न्हाई वो. ह्या कपाचा कान बोटात मावत नाय, आन बोटं पडलीत गार. गिलास असला की दोन्ही हातात धरून शेकता येतो."

सुमन तोवर चार स्टीलचे पेले आणि चहाचं पातेलं घेऊन बाहेर आलीच होती. तिने राज्यघटना न काढता चहा ओतला.

चहा पिता पिता बाबांनी त्याची चौकशी केली. ही कामाची माणसं एकमेकांशी बोलू लागली की पाच मिनिटांत अख्खी कुंडली निघते. काशिनाथ वणीकडचा. पालिकेत सात वर्षं रोजंदारीवर, म्हणजे काम मिळेल त्या दिवसापुरतं. यंदा मात्र ज्यांना कायम करायचं त्यांची यादी तयार होत होती आणि त्याचं नाव तीत आलं होतं.

"महिनाअखेर यादी वर जाईल म्हंत्यात," तो म्हणाला. "तवर फकस्त काय भानगड व्हायला नको. एकदा कायम झालो की पोरीला शाळेत घालतो. पालिकेत काम नसलं की दुसऱ्या गावी जावं लागतं, शाळेचं राहूनच जातं."

शाळेचं नाव निघाल्यावर मी काही ऐकणार होतो का? त्याच संध्याकाळी मी कोरा फुलस्केप घेऊन बसलो.

"काय लिवतूस?" बाबांनी विचारलं.

"पालिकेला पत्र. काशिनाथच्या कामाबद्दल आभार. यादी वर जायच्या आत साहेबांना कळलं तर त्याचा फायदाच होईल."

बाबांनी विडी बाजूला ठेवली. "नको लिवू."

"का?"

"वसंता, मी तीस वर्षं गँगमध्ये काढली. ज्याचं नाव वरच्या साहेबाला ठाऊक नाय, त्यो सुखात. चांगल्यासाठी जाऊ दे का वाईटासाठी, नाव वर गेलं की कागद खाली येतो. कागद खाली आला की त्यो कुनाला तरी लागतोच."

मी हसलो. बाबांचा काळ वेगळा होता, असं मी त्यांना समजावलं. आता लोकशाही होती, सुशिक्षित अधिकारी होते.  बाबांनी विडी पुन्हा पेटवली.

पत्र मात्र उत्तम उतरलं. उजवीकडे पत्ता, तारीख. डावीकडे 'प्रति, मा. अधिकारी'. मुलांना मी सांगायचो की विषय नेहमी थोडक्यात लिहावा. त्याप्रमाणे लिहिलं, 'विषय : आमच्या वसाहतीतील गटारीबाबत.' खाली तीन परिच्छेद. कडाक्याच्या थंडीत कर्तव्यतत्पर राहणारे काशिनाथ, त्यांची नम्र वागणूक, नागरिकांचे ऋण, सर्व काही. सुमनने वाचून एवढंच विचारलं, "यात धन्यवाद कुठे आहे?"

"तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी. आधी वातावरण तयार करावं लागतं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पत्र घेऊन पालिकेच्या वॉर्ड कचेरीत गेलो. टेबलामागे एक कारकून गळ्यात मफलर गुंडाळून बसला होता. त्याने पत्र घेतलं, विषय वाचला आणि एक जाडजूड रजिस्टर उघडलं.

"किती दिवसांपासून तुंबलीय?"

"तुंबलेली नाही. स्वच्छ आहे."

त्याने पेन खाली ठेवलं. "मग कशाला आलात?"

"आभार मानायला."

तो माझ्याकडे बघायला लागला. शेजारच्या टेबलावरचाही बघायला लागला. मग त्याने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "गुरुजी, हे बघा. इथे तीन रकाने आहेत. तुंबलेली गटार, न उचललेला कचरा, मेलेलं जनावर. यांतल्या कशात लिहू?"

मी रकाने नीट पाहिले. खरंच तीनच होते.

"तुम्ही सांगाल त्यात लिहितो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काही खोट नव्हती. "लिहिल्याशिवाय शिक्का मारता येत नाही, आणि शिक्का नसला तर कागद वर जात नाही."

मी विचार केला. कचऱ्याचा तसा संबंध नव्हता. मेलेल्या जनावरात काशिनाथचं नाव घालणं बरं दिसलं नसतं. "मग गटारीतच लिहा," मी म्हणालो. "वर साहेब पूर्ण वाचतीलच."

त्याने लिहिलं. शिक्का मारला. मी पोच घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि सायकलवर टांग मारून घरी निघालो. आपण एक चांगलं काम केलं याचं समाधान मला पुढचे आठ दिवस पुरलं. नववीला तर मी ते पत्र नमुना म्हणून फळ्यावर लिहून दिलं.

त्या आठ दिवसांत ट्रक काही आला नाही. बिघडला होता म्हणे. ढीग वाळून खडखडीत झाले आणि रोज संध्याकाळी इकडून तिकडे फिरत राहिले. काशिनाथही दिसला नाही. नवव्या दिवशी चारच्या सुमाराला तो आला. धुतलेला सदरा, भांग पाडलेला, हातात एक कागद. गटारीबाहेर मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो.

"मास्तर, जरा वाचून दावा," तो म्हणाला. "मुकादमानं दिला. म्हनला, तुझ्यावर कागद आलाय."

सुमन चहा टाकायला उठली. मी चष्मा लावून मोठ्याने वाचायला लागलो. "'आपल्या कामासंदर्भात वसाहतीतील गटार तुंबल्याची तक्रार या कार्यालयास प्राप्त झाली आहे. तरी तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. अन्यथा कायम नियुक्तीच्या यादीतून आपले नाव वगळण्यात येईल.'"

काशिनाथ ओट्यावर बसला. "सात वर्सं. आन आता तीन दिसांत खुलासा." मग म्हणाला, "तक्रार कुनी केली ते लिवलंय का?"

लिहिलं होतं. खाली कंसात 'अर्जदार' असं छापलेलं होतं आणि त्यापुढे माझं पूर्ण नाव होतं. वडिलांच्या नावासकट.

"पुसट आहे जरा," मी म्हणालो.

"तात्याच असंल," काशिनाथ म्हणाला. "बघतो त्याला. आख्खा चोथा परत आनून टाकतो फाटकात."

कंपाउंडच्या पलीकडे तात्या कुंडीला पाणी घालत होते. मी आणखी पाच मिनिटं गप्प राहिलो असतो तर काही तरी वेगळंच घडलं असतं. खोटं कशाला सांगू, ती पाच मिनिटं गप्प राहायचा विचार माझ्या मनात आलाही. पण बाबा समोर बसले होते.

"वसंता," ते म्हणाले, "नाव वाच."

मी वाचलं.

काशिनाथने आधी माझ्याकडे पाहिलं, मग सुमनने त्याच्यापुढे ठेवलेल्या पेल्याकडे. "च्या पाजून?" तो म्हणाला. "मास्तर, च्या पाजून तक्रार केली? तात्या निदान शिव्या देऊन मोकळे व्हत्यात."

मी त्याला समजावून सांगितलं. पोच दाखवली. पत्राची नक्कल वाचून दाखवली, तिन्ही परिच्छेद. त्याने ऐकलं. राग गेला, पण त्याच्या जागी जे आलं ते मला जास्त लागलं. तो माझ्याकडे दयेने बघत होता. "म्हंजी तुम्हीच म्हनला, गटारीत लिवा?"

"इतर दोन रकाने बरे नव्हते."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी कचेरीत गेलो. कारकुनाने मला ओळखलं. म्हटलं, "मला ती तक्रार मागे घ्यायची आहे."

"घ्या की. गटार साफ झाली असं लिहून द्या."

"ती आधीपासूनच साफ होती."

"मग खोटी तक्रार केली असं लिहून द्या."

"पण मी तक्रार केलीच नव्हती."

"मग मागे काय घेताय?"

 मी तिथेच बाकावर बसून दुसरं पत्र लिहिलं. या खेपेला वातावरण वगैरे तयार केलं नाही. पहिल्याच ओळीत लिहिलं की माझे आधीचे पत्र तक्रार नसून आभार आहेत, गटार स्वच्छ आहे आणि काशिनाथ निर्दोष आहेत. विषयाच्या जागी मात्र, सवयीने, 'आमच्या वसाहतीतील गटारीबाबत, संदर्भ : माझे दिनांक अमुकचे पत्र' असं गेलं. कारकुनाने वरच्या दोन ओळी वाचल्या आणि त्यावर धपकन शिक्का मारला. मी वाकून पाहिलं. शिक्का होता 'स्मरणपत्र'.

"हे काय?"

"त्याच माणसाचं, त्याच विषयावर दुसरं पत्र आलं की स्मरणपत्र. आता तुमचं काम झालं बघा, गुरुजी. स्मरणपत्र थेट साहेबांकडे जातं. परवा सकाळी साहेब स्वतः जागेवर येतील."

घरी आल्यावर मी हे सांगितलं तेव्हा सुमन म्हणाली, "आता तिसरं पत्र लिहू नका. तेवढं करा."

पण साहेब प्रत्यक्ष येणार यात मला आशा दिसली. गटार स्वच्छ वाहताना त्यांनी डोळ्यांनी बघितली की झालं. अडचण एकच होती, ती म्हणजे ते ढीग. दारोदार गाळ दिसला तर साहेबांचं मत वाईट होणार. ट्रकचा पत्ता नव्हता. म्हणून आदल्या दिवशी मी घरोघर जाऊन हात जोडले. तात्यांकडेही गेलो. म्हटलं, एका गरीब माणसाच्या नोकरीचा प्रश्न आहे. उद्या आठ वाजता साहेब येताहेत. तोवर एकाच्याही दारात ढीग दिसता कामा नये.

लोकांनी मला शब्द दिला. अगदी तात्यांनीसुद्धा. ते तर म्हणाले, "पोराची नोकरी आहे म्हणता, तर मी स्वतः उचलतो."  नागरिकांना नीट समजावून सांगितलं की नागरिक ऐकतात, असं मी त्या दिवशी वर्गातही सांगितलं.

सकाळी सातला मी दाढी करत होतो. बाहेरून फावड्यांचा आवाज येत होता. वसाहत श्रमदान करत होती. पावणेआठला इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आलो तर रस्ता आरशासारखा. एकाही फाटकापाशी ढीग नाही. तात्या हात झटकत उभे होते. "बघा मास्तर. कुठे दिसतोय का?"

"कमाल केलीत तात्या. कुठे टाकलात?"

"टाकायचा कुठे? जिथून आला तिथेच."

मी गटारीकडे पाहिलं. आठ घरांनी आपापला गाळ, एकमेकांना न विचारता, मोठ्या सचोटीने गटारीत परत केला होता. दहा-बारा दिवस उन्हात वाळलेला तो गाळ पाणी प्यायला लागला होता, फुगत होता. वरच्या अंगाने सकाळचं आंघोळीचं, कपड्यांचं पाणी येत होतं. त्याला पुढे जायला वाट नव्हती. ते काठावर आलं, क्षणभर थबकलं, आणि शांतपणे रस्त्यावर उतरलं.

तेवढ्यात जीप आली.

साहेब उतरले, त्यांच्यामागे मुकादम आणि त्याच्यामागे काशिनाथ. साहेबांनी पहिलं पाऊल ठेवलं तेच पाण्यात. बूट नवे होते. त्यांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवला. तिथेही पाणीच होतं. मग त्यांनी फाइल उघडली.

"अर्जदार कोण?"

"मी."

"तुम्ही लिहिलंय की ही गटार स्वच्छ आहे."

"काल होती, साहेब."

"हं." त्यांनी काशिनाथकडे बघितलं. "काय रे, हे तुझं काम?"

मी तात्यांकडे पाहिलं. तात्या आकाशाकडे बघत होते. बाकीची वसाहत दारं लोटून खिडकीच्या फटीत गेली होती. मी तोंड उघडलं आणि श्रमदानाचं, ढिगांचं, माझ्या विनंतीचं सगळं सांगायला लागलो. पण मी जसजसं सांगत गेलो तसतसा साहेबांचा चेहरा बदलत गेला. एखादा वेडा मनुष्य आपल्याशी बोलतोय आणि त्याला दुखवायचं नाही, असा तो झाला.

 काशिनाथने पायजमा गुडघ्यांच्या वर खोचला, तात्यांच्या फाटकाला टेकवलेलं फावडं घेतलं आणि गटारीत उतरला. जिथे रस्ता ओलांडायला टाकलेल्या फरशीखालून पाणी जातं तिथे सगळा गाळ येऊन अडकला होता. त्याने दोनदा फावडं मारलं, मग ते बाजूला ठेवून खांद्यापर्यंत हात आत घातला. आम्ही सगळे काठावर उभे.  पंधरा-वीस मिनिटं तो चिखलाशी झगडत होता. मग आतून ढेकरासारखा आवाज आला आणि रस्त्यावरचं पाणी मागे फिरलं. साहेबांचे बूट दिसायला लागले.

साहेबांनी वाहत्या पाण्याकडे पाहिलं. "काम येतं याला," ते मुकादमाला म्हणाले. मग काशिनाथला, "पण प्रकरण कागदावर आलंय. यादी आज दुपारी वर जाते. लेखी खुलासा नसला तर मी नाव ठेवू शकत नाही. खुलासा आणलास?"

काशिनाथ गटारीतूनच म्हणाला, "मला लिवता येत नाय, साहेब. मास्तर लिवत्याल."

"अर्जदार?"

"वसाहतीत त्यांचंच अक्षर चांगलं हाय."

साहेबांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाने खांदे उडवले. सुमनने आतून फुलस्केप आणि पाट आणून दिला. मी ओट्यावर बसलो, काशिनाथ गटारीच्या काठावर. हाताला गाळ असल्यामुळे तो हात अंगापासून दूर धरून सांगायला लागला.

"लिवा. अर्जदार मानूस चांगला हाय."

मी लिहिलं, 'अर्जदार हे सज्जन गृहस्थ आहेत.'

"शिकलेला बी हाय."

'तसेच ते पदवीधर आहेत.'

"पर त्याला कामातलं काय कळत नाय."

माझं पेन थांबलं.

"लिवा की," काशिनाथ म्हणाला. "खोटं हाय का?"

बाबा दारात उभे होते. सुमन त्यांच्यामागे, पदर तोंडाला लावून. मी लिहिलं, 'परंतु व्यावहारिक बाबींचे त्यांना ज्ञान नाही.'

"त्यो आभार मानायला गेला आन तक्रार करून आला. मंग तक्रार काढायला गेला आन साहेबास्नी घेऊन आला. मंग गटार साफ दावायची म्हनून ती भरून ठिवली. ह्यात माजा गुन्हा काय ते साहेबांनी सांगावं."

शुद्ध मराठीत हे एवढं सुरेख होत नाही. मी तीनदा प्रयत्न केला आणि शेवटी जसं सांगितलं तसंच लिहून काढलं. काशिनाथने सुमनने दिलेल्या फडक्याला हात पुसून खाली अंगठा केला. शाई लागलीच नाही, गाळाचाच उठला, पण तो स्पष्ट होता.

साहेबांनी कागद वाचला. एकदा वाचला, मग पुन्हा वाचला. दुसऱ्यांदा त्यांच्या मिशा हलल्या. पण ते कर्तव्यदक्ष अधिकारी होते. त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं.

"अर्जदाराला हा खुलासा मान्य असला तर प्रकरण इथेच बंद करता येतं. नसला तर चौकशी लावावी लागेल. मान्य आहे?"

काशिनाथ माझ्याकडे बघत होता. आता त्याच्या चेहऱ्यावर दया नव्हती. तो घाबरलेला होता. दुपारी यादी जाणार होती.

मी 'मान्य' असं लिहून खाली सही केली. साहेबांनी तिथेच जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून शेरा मारला, 'अर्जदारास समज देण्यात आली. प्रकरण बंद.'

पुढच्या महिन्यात काशिनाथ कायम झाला आणि जूनमध्ये त्याची मुलगी शाळेत गेली. माझी मात्र शिक्षणाविषयी दोन प्रमाणपत्रं झाली. एक विद्यापीठाचं. त्यावर मी पदवीधर असल्याचं लिहिलं आहे आणि ते मला दरवेळी कोणाकडून तरी साक्षांकित करून घ्यावं लागतं. दुसरं पालिकेच्या फायलीत आहे. त्यात त्या पदवीचा उपयोग किती, ते लिहिलं आहे, आणि त्याला साक्षांकनाची गरज नाही. मजकूर माझ्याच अक्षरात आहे आणि खाली माझीच सही.